तुम्मासला धरायचं कुणी?

माझ्या बहिणीनं, मार्यूननं, तुम्मासशी लग्न ठरवलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं, "बाई गं, या माणसाच्या जिभेला हाड नाही आणि अंगात काम नाही." यातलं दुसरं साफ खोटं निघालं. इथं फॅरो बेटांवर, आमच्या क्वान्नाविक गावातल्या मासळीच्या कारखान्यात तो शीतगृह सांभाळायचा. दिवसभर त्या गारठ्यात खोकी रचायची आणि संध्याकाळी डोंगरावर मेंढ्यांच्या मागे पळायचं. मी त्याला रिकामा बसलेला कधी पाहिला नाही. जिभेचं मात्र मी म्हटलं तसंच होतं.

तो टिंगलगाणी रचायचा. आम्ही त्याला तॉट्टुर म्हणतो. गावात कुणाच्या हातून काही गाढवपणा झाला, की तुम्मास खोक्यांबरोबर कडवीही रचायला लागायचा. नाताळानंतर नाचाचा हंगाम आला, की ते गाणं सगळ्या गावासमोर. एकमेकांचे हात धरून रिंगण करायचं, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, लाकडी जमीन दणाणून सोडायची आणि घसा फोडून गायचं. आणि ज्याच्यावर गाणं आहे त्याला रिंगणात ओढून आणायचं. तो पळून जाऊ नये म्हणून दोघंजण दोन बाजूंनी त्याचे हात गच्च धरतात. शेवटचं कडवं झाल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियमच आहे.

यातून कुणी सुटलं नाही. पाद्रीबुवांनी एकदा धुक्यात भलत्याच गावाला होडी लावली आणि तिथल्या चर्चमध्ये अर्धं प्रवचन झालं तरी त्यांना पत्ता नाही. त्यांच्यावर चौदा कडवी. माझ्यावर सहा. मी होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वेटर विणला होता, त्याची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. स्वेटर पुरा झाला, लग्न काही झालं नाही. त्या रात्री रिंगणात मला धरलं होतं तेव्हा मी तुम्मासला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की पाद्रीबुवांनी कानांत बोळे घातले असते. पण दुसऱ्या दिवशी मीच ते गाणं गुणगुणत मासे कापत होते. चांगलं गाणं होतं, काय करणार?

एकच गाणं त्यानं रचायला नको होतं.

दॉन्याल, त्याचा आणि मार्यूनचा एकुलता एक, सतरा वर्षांचा असताना आमच्या गावच्या संघाचा गोलकीपर झाला. आमचं मैदान म्हणजे मुरमाड जमीन, एका बाजूला मेंढ्यांचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. खाडीपलीकडच्या गावाचा संघ आला त्या दिवशी वारा असा सुटला होता, की चेंडू मधोमध ठेवला तरी आपणहून आमच्या गोलकडे चालू लागायचा. पोरानं अकरा गोल खाल्ले. आणि त्याच्या बापानं अकरा कडवी रचली.

नाताळानंतरच्या नाचात दॉन्यालला धरलं. एका बाजूला होडी बांधणारा हान्नुस, ज्याचा पंजा वल्ह्याच्या पात्याएवढा आहे, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा भाऊ. पुढे गाणारा तुम्मास. चौथ्या कडव्याला पोरगं हात सोडवायला लागलं. सहाव्याला रडायला लागलं. तुम्मासला वाटलं, रंग भरतोय. सगळे हसत होते. मीही हसले. आज सांगताना लाज वाटते, पण हसले.

फेब्रुवारीत दॉन्याल राजधानीला, तोर्शहाव्नला निघून गेला. डेन्मार्कला गेला असता तर लांब आहे म्हणून तरी मनाची समजूत घातली असती. तोर्शहाव्न आमच्यापासून बोटीनं तीन तास. सहा वर्षांत ते तीन तास त्यानं एकदाही ओलांडले नाहीत. तिथं सुतारकाम शिकला आणि तिथल्या एका क्लबात खेळायला लागला. दर रविवारी दुपारी आईला फोन करायचा, आणि मीही तेव्हा त्यांच्याच घरी असायचे.

आणि तुम्मास? फोन वाजला, की त्याला मेंढ्या आठवायच्या. टोपी घालून बाहेर पडायचा आणि दाराच्या मागे उभा राहायचा. मार्यूनचं बोलणं संपलं, की आणखी पाच मिनिटं थांबून आत यायचा आणि मला विचारायचा, "काय गं सुन्नेवा, तुझ्या त्या भाच्याचं काय म्हणणं?"

"माझा भाचा? तुझा कोण लागतो तो?"

"मी आपलं सहज विचारलं."

"सहज विचारायचं तर फोन घे की हातात. चावत नाही."

मग त्याला खरोखरच मेंढ्या आठवायच्या.

हे असं चाललं होतं आणि एकोणीसशे नव्वद साल उजाडलं. त्या वर्षी आमच्या फॅरो बेटांचा संघ युरोपच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरणार होता. तोवर आम्ही आइसलंडशी, शेटलंडशी, आमच्यासारख्याच वाऱ्यावरच्या लोकांशी खेळायचो. आता पहिलाच सामना ऑस्ट्रियाशी. ते त्याच उन्हाळ्यात इटलीला वर्ल्ड कप खेळून आलेले, आणि आमच्याकडे सुतार, मास्तर, इमारती लाकूड विकणारे, कारखान्यात गाडी चालवणारे. सगळ्या बेटांवर मिळून गवताचं धड एक मैदान नाही. म्हणून आमचा घरचा सामना कुठे? तर स्वीडनमध्ये, लांद्सक्रोना नावाच्या गावात! पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि टेबल शेजाऱ्यांकडे मांडायचं, अशातली गत.

आणि त्या संघाबरोबर दॉन्याल चालला होता. खेळायला नव्हे. बॅगा उचलायच्या, जाळी बांधायची आणि सरावाला आमच्या गोलकीपरवर चेंडू मारायचे. पेपरात खेळाडूंच्या नावांच्या खाली, अगदी तळाला त्याचं नाव आलं. मार्यूननं ते कात्रीनं कापून साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. साखर काढता काढता तुम्मासला ते दिवसातून सहा वेळा दिसायचं. त्या आठवड्यात तो कॉफी फार प्यायला.

आता शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. तुम्मासनं गाणं रचलं. ऑस्ट्रिया दहा गोल मारणार म्हणून दहा कडवी, सामन्याच्या आठ दिवस आधीच तयार. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यानं पहिली तीन म्हणूनही दाखवली, त्यातलं हे पहिलं:

पहिला गोल तो चुकून गेला, दुसरा गेला हसत,
तिसऱ्या वेळी अकरा आमचे वाऱ्याला बसले पुसत!

लोक हसले. मी नाही हसले या वेळी. हातातली सुरी टेबलावर आपटून मी म्हटलं, "अरे मेल्या, तिथं तुझं पोरगं आहे!"

"तो कुठे खेळतोय? तो बॅगा उचलतोय. बॅगांवर मी काही लिहिलेलं नाही."

"लाज कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"गाणं चांगलं आहे की नाही, ते सांग."

चांगलं होतं, तीच तर पंचाईत. आमच्या बेटांवर चांगली ओळ जहाजाच्या आधी पोचते. रविवारी फोन आला तेव्हा दॉन्यालला तिसऱ्या कडव्यापर्यंत पाठ होतं. मार्यूनच्या कानाशी मी कान लावून उभी होते, त्यामुळे ऐकलेलं सांगते, कुणी सांगितलेलं नाही.

"आई, बाबांना म्हणावं छान जमलंय," तो म्हणाला. आवाज अगदी थंड. "आणि त्यांना सांग, आपण जिंकलो तर शनिवारी मी घरी येतो. गाणं त्यांच्यावर होईल आणि त्यांना धरायला मी उभा राहीन."

"आणि नाही जिंकलो तर रे?" मार्यूननं विचारलं.

"तर बाबा गातील ना. मग मी कशाला येऊ? आत्ताही नाही आणि पुढेही नाही."

फोन ठेवला. जिंकणार म्हणे! ते म्हणजे 'मी येत नाही' हेच जरा लांबून सांगणं होतं. मार्यून कधी आवाज चढवत नाही. ती दारापाशी गेली, दार उघडलं, मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "जिंकलो तर शनिवारी येईल, तुला धरायला. हरलो तर कधीच नाही. मला पुन्हा सांगायला लावू नकोस," आणि बटाटे सोलायला बसली. तुम्मास त्या दिवशी खरंच मेंढ्यांकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

बुधवारी सामना. कॅन्टीनमध्ये रेडिओ लावला होता, पन्नास-साठ माणसं दाटीवाटीनं बसलेली. तुम्मास अगदी पुढे, रेडिओला नाक लावून. दहा कडव्यांचा कागद त्याच्या खिशात होता आणि लोक त्याला छळत होते. "काय तुम्मास, पहिलं कडवं कधी?" "घसा साफ कर रे!" दहा मिनिटं झाली, वीस झाली, गोल नाही. अर्धा सामना संपला, तरी शून्य-शून्य. आमचा गोलकीपर डोक्यात लोकरीची गोंड्याची टोपी घालून सगळं अडवतोय, असं रेडिओवाला ओरडून सांगत होता. तुम्मासनं स्वतःची टोपी काढली आणि पिळायला लागला.

दुसऱ्या अर्ध्यातली पंधराएक मिनिटं झाली असतील. रेडिओवाल्याचा आवाज एकदम चिरकला. आमच्या लाकूड विकणाऱ्यानं गोल मारला होता! कॅन्टीनमध्ये काय झालं ते सांगता येत नाही. बाकं पडली, कॉफी सांडली, एल्स्पानं, आमच्या टेबलावरची सगळ्यात वडीलधारी बाई ती, मॅनेजरचा मुका घेतला. फक्त तुम्मास उठून बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. तो शीतगृहाच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"सुन्नेवा, किती वेळ राहिलाय?"

"अर्धा तास."

"अर्धा तास?" असं म्हणाला, की जणू मीच तो लांबवलाय. "मला आत नाही बसवत. तू खिडकीत उभी राहा आणि मला सांग."

मग मी खिडकीत आणि तो बाहेर. दर मिनिटाला विचारणार, "झालं?" "नाही." "काय करतायत?" "अडवतायत." "कोण?" "सगळेच!" एकदा रेडिओवर मोठा आरडाओरडा झाला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. त्यानं दहा गोलांचं भाकीत केलं होतं आणि आता एकही गोल होऊ नये म्हणून देवाला हाका मारत होता. मी त्याला चिडवणार होते. माझ्या जिभेवर चांगलं वाक्य आलंही होतं. पण त्यानं कान अजून गच्च झाकलेले होते आणि मला ते वाक्य गिळावं लागलं. तो आमच्या घरात आल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

शिटी वाजली. एक-शून्य. मी खिडकीतून ओरडले, "जिंकलो!" तुम्मास खाली बसला, तिथंच ओल्या फरशीवर. म्हणाला, "म्हणजे त्याला यावं लागेल."

"त्याला यावंच लागेल," मी म्हटलं. पण मला खात्री नव्हती.

नाचाचा हंगाम नव्हता, पण त्या शनिवारी हंगाम कोण बघतोय? सगळी बेटं वेडी झाली होती. गावानं ठरवलं, तुम्मासवर गाणं व्हायलाच हवं. अडचण एकच, की गावात गाणी रचणारा माणूस एकच आणि तो तुम्मास. तेव्हा आम्ही बायकांनी कंबर कसली. गुरुवार-शुक्रवार, मासे कापता कापता, एकीनं एक ओळ टाकायची, दुसरीनं दुसरी. कापलेल्या कॉडपेक्षा फेकलेल्या ओळी जास्त. पण बारा कडवी झाली.

शनिवारी चारच्या बोटीला सगळं गाव धक्क्यावर. तुम्मास दाढी करून, चांदीच्या बटणांचं जाकीट घालून सर्वांत पुढे. बोट आली. टपालाच्या थैल्या उतरल्या, पिठाची पोती उतरली, पाद्रीबुवांची बहीण उतरली. दॉन्याल नव्हता.

कुणी काही बोललं नाही. आमच्या गावात कुणी काही न बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलं असेल. तुम्मास म्हणाला, "बॅगा आवरायच्या राहिल्या असतील," आणि घराकडे चालू लागला. मार्यून त्याच्या मागून गेली नाही. बोट वळून दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी होती.

मला वाटलं, हा आता नाचाला येत नाही. पण सातला आला. सरळ रिंगणात शिरला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "धरा."

एक हात हान्नुसनं धरला, एक मी. गार पडला होता हात. एल्स्पा पुढे गायला उभी राहिली आणि पावलं पडायला लागली:

तुम्मास बसला रेडिओपाशी, टोपी पिळतो हाती,
दहा गोलांचं गाणं रचलं, एकच आला माथी!

लोक खदाखदा हसले. तुम्मासही पावलं टाकत होता, पण नजर दाराकडे. तिसऱ्या कडव्याला एल्स्पानं सुरू केलं, "ऑस्ट्रिया आली मोठी थोरली वर्ल्ड कपला जाऊन आलेली मंडळी..." आणि सगळं रिंगण अडखळलं.

"एल्स्पा!" तुम्मास कळवळून ओरडला. "पावलं संपली तरी तुझी ओळ चालतेच आहे! 'मंडळी' काढ! 'आलेली' काढ!"

"तू गप्प! तुझ्यावर गाणं आहे, तू रचायचं नाहीस!"

"माझ्यावर आहे म्हणूनच सांगतो, धड तरी म्हणा!"

इतका हशा पिकला, की दार उघडलेलं कुणाला कळलंच नाही. मला कळलं, कारण माझ्या हातातला हात एकदम ताठ झाला. दॉन्याल दारात उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, केस ओले. धक्क्यावर सगळं गाव बघत उभं असणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो अलीकडच्या गावात उतरला होता आणि डोंगर चढून चालत आला होता. सहा वर्षांत खांदे रुंद झाले होते. तो सरळ रिंगण फोडून आत आला आणि हान्नुसला म्हणाला, "काका, सोडा. हा हात माझा आहे."

हान्नुसनं सोडला. दॉन्यालनं बापाचा हात धरला. गाणं थांबलं नव्हतं, एल्स्पा तशी बाई नाही. ती गात राहिली, जमीन दणाणत राहिली, आणि त्या दणदणाटात फक्त मला ऐकू आलं.

"घट्ट धर," तुम्मास म्हणाला, त्याच्याकडे न बघता. "सुटलो तर पळेन मी."

"नका पळू, बाबा," दॉन्याल म्हणाला. "मी सहा वर्षं पळून पाहिलं. दमायला होतं."

दोन कडवी तशीच गेली. मग तुम्मास म्हणाला, "ते गाणं... तुझ्यावरचं. वाईट होतं ते."

"गाणं चांगलं होतं, बाबा."

"गाणं चांगलं होतं. मी वाईट होतो."

मी मान वळवून पाहिलं, दॉन्यालची बोटं बापाच्या बोटांत इतकी रुतली होती, की दोघांचीही नखं पांढरी पडली होती. मार्यून भिंतीपाशी उभी होती, एप्रनचं टोक तोंडात धरून. मी रडत होते. रडत रडत गात होते, माझी ओळ होती ती, नवव्या कडव्यातली, मीच रचलेली.

बारावं कडवं आलं. आमच्या संघानं पुढच्याच महिन्यात डेन्मार्ककडून चार गोल खाल्ले, त्यानंतरही बरेच खाल्ले, पण त्या संध्याकाळी आम्ही जगात कुणालाही हरवलं असतं, अशा आवाजात ते कडवं झालं. शेवटचं पाऊल आपटलं. गाणं संपलं, की धरणाऱ्यांनी हात सोडायचे. मी सोडला.

दॉन्यालचाही हात सैल व्हायला लागला, तसा तुम्मासनं तो पुन्हा ओढून घेतला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा ओरडला,

"एल्स्पा! पुन्हा! पहिल्यापासून म्हण!"